आढावा, अनुपालन आणि जव्हार-मोखाड्याचे पाडे

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या उतरणीवर नाशिक जिल्ह्याला टेकून असलेले जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके महाराष्ट्राच्या प्रशासकीय कागदपत्रांत जितके वारंवार आढळतात, तितके त्यांच्या आकाराचे दुसरे तालुके क्वचितच आढळतील. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्यात सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाडा तालुक्यात सुमारे ८३ हजार लोक राहत होते, आणि त्यांतील दहापैकी नऊ जण वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा अनुसूचित जमातींचे होते. या लोकांपर्यंत दवाखाना, शाळा, धान्य, रोजगार आणि पाणी नीट पोहोचते की नाही, याचा जाब कोणी कोणाला विचारायचा, या प्रश्नाला गेल्या दीडशे वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली गेली आणि त्या प्रत्येक उत्तराचे नाव बहुधा ‘समिती’ असेच होते. या समित्यांचा इतिहास क्रमाने पाहिला असता असे दिसते, की नवी समिती जुनीच्या उणिवेतून जन्माला आली, परंतु तिच्या येण्याने जुनी मोडली गेली नाही. त्यामुळे विचारणारे वाढत गेले आणि उत्तर देणारा मात्र अधिकाधिक पुसट होत गेला.

आज जोडनावाने उच्चारल्या जाणाऱ्या या दोन तालुक्यांचा पूर्वेतिहास एक नाही. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. सुमारे ३१० चौरस मैलांच्या या राज्यावर ब्रिटिश काळात ठाण्याचा कलेक्टर हाच ‘पोलिटिकल एजंट’, म्हणजे सार्वभौम सत्तेचा प्रतिनिधी, म्हणून देखरेख ठेवीत असे. मोखाडा मात्र थेट ब्रिटिश मुलखात, शहापूर तालुक्याखालील एक पेठा होता. पेठा म्हणजे तालुक्याहून लहान महसुली विभाग, ज्याचा कारभार मामलेदाराऐवजी महालकरी पाहत असे. परिणामी डोंगराच्या एका अंगाला असलेल्या पाड्याची तक्रार दरबारात जाई, तर दुसऱ्या अंगाच्या पाड्याची तक्रार महालकऱ्याच्या कचेरीत. आणि दोन्हीकडे ऐकणारा व करणारा एकच असल्यामुळे तपासणी ही वेगळी क्रिया मानण्याचे कारणच नव्हते. जव्हार गावात १९१८ साली नगरपालिका स्थापन झाली, ही एवढ्या लहान डोंगरी संस्थानाच्या मानाने लवकरची गोष्ट म्हणावी लागेल, परंतु तिचा पैस कसब्यापुरताच राहिला.

ब्रिटिश मुलखात सेवांच्या हिशेबाची सुरुवात पट्टीपासून झाली. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घेऊन त्यातून रस्ते आणि शाळा यांचा खर्च भागवायचा, ही पद्धत मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात रूढ झाली आणि १८६९ च्या कायद्याने तिला ‘लोकल फंड’ या नावाने पक्के रूप मिळाले. कर घेतला की तो कुठे गेला हे सांगणे आले, म्हणून फंडाच्या समित्या आल्या. पुढे लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ चा मुंबई लोकल बोर्ड कायदा होऊन जिल्हा आणि तालुका बोर्डे अस्तित्वात आली. या बोर्डांत सुरुवातीस सरकारी अधिकाऱ्यांचेच वर्चस्व होते, आणि जे सभासद निवडून येत त्यांत जमीनदार, इनामदार, वकील यांचा भरणा असे. मोखाड्यासारख्या पेठ्यातील कूळ किंवा जंगलातला मजूर मतदार होण्याइतका सारा भरीतच नसे. तेव्हा ज्याच्या नावे सेवा दिली जाई त्याला प्रश्न विचारण्याच्या जागी पोहोचण्याची वाट नव्हती.

१९३५ च्या हिंदुस्थान सरकार कायद्याखाली पुढल्या वर्षी जो आदेश निघाला, त्यात ठाणे जिल्ह्यातील डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेठे ‘अंशतः वगळलेले प्रदेश’ ठरविण्यात आले. याचा अर्थ असा, की सर्वसाधारण कायदे या भागांना लागू करायचे की नाहीत हे ठरविण्याचा अधिकार गव्हर्नरच्या हाती राहिला. याच प्रदेशांची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक केली, आणि सावकारी, वेठबिगार, जंगल खात्याचा जाच यांविषयीचा त्यांचा अहवाल १९३८-३९ च्या सुमारास सरकारला मिळाला. अहवालातील निदान स्पष्ट होते. तरीही १९४५ साली डहाणू-उंबरगाव पट्ट्यात शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला तोवर वेठ चालूच होती. जव्हार संस्थान तर या पाहणीच्या कक्षेबाहेरच राहिले, कारण कायद्याची रेघ संस्थानच्या सीमेवर थांबत होती. बाहेरून आलेल्या जाणत्या माणसाने दुखणे नेमके ओळखावे आणि स्थानिक यंत्रणेने तो कागद जपून ठेवावा, हा या भूभागातील पुढच्या अनेक पाहण्यांना लागू पडणारा क्रम सिमिंग्टनपासून सुरू झाला असे म्हणता येईल.

१९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ठाणे जिल्ह्याचा भाग बनले. खरा बदल घडला तो महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली विकासाची सूत्रे तालुक्याच्या पातळीवर, म्हणजे गटाकडे, सोपविण्याची शिफारस केली होती. महाराष्ट्राने १९६० मध्ये नेमलेल्या, तत्कालीन महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मात्र जिल्हा हाच मुख्य घटक मानला आणि त्या शिफारशींच्या आधारे झालेल्या १९६१ च्या अधिनियमानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कार्यरत झाल्या. जव्हार-मोखाड्याच्या दृष्टीने या निवडीचा परिणाम असा झाला, की मंजुरी, बदली आणि खर्च यांचे अधिकार ठाणे शहरात एकवटले, आणि तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या पंचायत समितीकडे प्रामुख्याने अंमलबजावणी आणि तक्रार ऐकणे एवढेच उरले.

या अधिनियमाने जिल्हा परिषदेत स्थायी समिती आणि तिच्या जोडीला वित्त, बांधकाम, कृषी, शिक्षण, आरोग्य, समाजकल्याण, पशुसंवर्धन अशा विषय समित्या निर्माण केल्या. महिला व बालकल्याण समितीची भर नंतर पडली. विषय समिती म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांचा असा लहान गट, जो एका खात्याच्या योजनांना मंजुरी देतो, लाभार्थ्यांच्या याद्या पाहतो आणि त्याच खात्याच्या कामाचा आढावाही घेतो. येथे एक मूलभूत अडचण आहे. इंग्लंडमध्ये २००० च्या स्थानिक शासन कायद्याने बहुतेक परिषदांत निर्णय घेणारे मंडळ वेगळे काढले आणि उरलेल्या सदस्यांच्या समित्यांना केवळ छाननीचे काम दिले. त्या समित्यांना निर्णय फिरविता येत नाही, पण तो अंमलात येण्याआधी फेरविचारासाठी परत पाठविता येतो. महाराष्ट्राच्या विषय समितीत ही फारकत कधीच झाली नाही. ज्या समितीने औषधखरेदी मंजूर केली तीच समिती पुढच्या बैठकीत औषधे का पोहोचली नाहीत हे विचारते, आणि त्यामुळे तिचा प्रश्न पुरवठादाराकडे किंवा मधल्या कारकुनाकडे वळतो, स्वतःच्या ठरावाकडे वळत नाही. इंग्रजी पद्धत निर्दोष आहे असे नव्हे. अधिकाराविना विचारलेल्या प्रश्नाची तिथेही फारशी भीती वाटत नाही, अशी तक्रार तिकडचे अभ्यासक करीत आले आहेत.

पंचायत समितीची मासिक सभा हा या रचनेचा सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सभापती अध्यक्षस्थानी, गटविकास अधिकारी पदसिद्ध सचिव, आणि समोर शिक्षण, आरोग्य, बांधकाम, पाणीपुरवठा, एकात्मिक बालविकास यांचे तालुकास्तरीय प्रमुख अशी तिची मांडणी असते. सभेची भाषा ठरलेली असते: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, त्यावरील अनुपालन अहवालाची नोंद घेणे, खातेनिहाय आढावा, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. अनुपालन अहवाल म्हणजे मागच्या सभेत जे विचारले वा ठरले त्यावर संबंधित खात्याने काय केले याचा लेखी खुलासा. तपासणीची सारी ताकद या एका कागदात असायला हवी, कारण तोंडी जाब सभागृहात विरून जातो आणि लेखी जाब पुढच्या महिन्यात पुन्हा समोर येतो. व्यवहारात मात्र ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘वरिष्ठ कार्यालयास कळविले आहे’, ‘प्रस्ताव सादर केला आहे’ या तीन वाक्यांवर अनेक वर्षांचे अनुपालन उभे राहू शकते. सदस्यांनी अधिकाऱ्यांना ‘धारेवर धरले’ अशी बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते आणि त्या बातमीलाच सभेचे फलित समजले जाते, हा मराठी स्थानिक वृत्तपत्रसृष्टीचाही एक गमतीदार सहभाग म्हणावा लागेल.

अनुपालनाच्या या पोकळपणाला केवळ आळस कारणीभूत नाही. कार्यक्षेत्रांची वाटणी हे त्याचे खोल कारण आहे. एका कुपोषित बालकाचे उदाहरण घेतले तर ही वाटणी ध्यानात येते. अंगणवाडी, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ही जिल्हा परिषदेची. परंतु ज्या रुग्णालयात त्याला पाठवायचे ते जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचे. घरातले रेशनचे धान्य तहसीलदारांच्या पुरवठा शाखेकडून येते, आईवडिलांच्या रोजगार हमीच्या कामाची मागणी व मजुरी महसूल आणि इतर यंत्रणांच्या हाती असते, थोरले भावंड ज्या आश्रमशाळेत शिकते ती आदिवासी विकास विभागाची, आणि जळण व मोहफुले जिथून आणायची ते रान वनखात्याचे. आदिवासी विकास हा विभाग १९८३ साली समाजकल्याणातून स्वतंत्र झाला आणि जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचे वजन वाढत गेले. १९९२ च्या सुकथनकर समितीनंतर आदिवासी उपयोजनेचा पैसाही स्वतंत्र वाहू लागला. त्या पैशाच्या आढाव्यासाठी अर्थातच प्रकल्पस्तरीय समिती निर्माण झाली. प्रत्येक प्रवाहाला आपापली समिती मिळाली. ज्या मुलाच्या अंगावर हे सगळे प्रवाह एकत्र येऊन पोहोचायचे किंवा आटायचे, त्याच्याविषयी संपूर्ण प्रश्न विचारू शकेल अशी समिती कोणतीच नव्हती.

१९९२ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात बालकांचे मृत्यू मोठ्या संख्येने झाले आणि वृत्तपत्रांनी ते उजेडात आणल्यावर हा दोष सर्वांसमोर आला. मृत्यू एका दिवसात घडले नव्हते. ते घडत असताना मासिक सभा होत होत्या, मासिक प्रगती अहवालही वर जात होते. अहवालात खर्चाची टक्केवारी होती, वाटलेल्या गोळ्यांची संख्या होती, लसीकरणाचे उद्दिष्ट होते. मूल जगले की नाही हा रकाना यंत्रणेच्या नजरेत त्या अर्थाने नव्हताच. या घटनेनंतर मंत्र्यांचे दौरे झाले, जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्याचे कार्यालय आले, आणि १९९५ मध्ये राज्याने आदिवासी भागासाठी ‘नवसंजीवन योजना’ आणली. ही नव्या पैशाची योजना नव्हती. आरोग्य, पोषण, धान्यपुरवठा, रोजगार आणि शुद्ध पाणी यांच्या आधीच्याच योजना जिल्हाधिकाऱ्याच्या समन्वयाखाली एकत्र बघायच्या, हा तिचा गाभा होता. मातृत्व अनुदान, पाड्यावर फिरणारी भरारी पथके, पाडा स्वयंसेवक, दाई बैठका, पावसाळ्यापूर्वी दुर्गम गावांत धान्य पोहोचविणे, अशी कामे तिच्या कक्षेत आली. खाते नव्हे तर बालक हे एकक मानून केलेला हा पहिला आढावा होता, आणि या इतिहासातील सर्वांत समजूतदार कल्पना म्हणून तिचा उल्लेख करायला हरकत नाही.

परंतु नवसंजीवनच्या बैठकीला बसणारे सर्व जण अधिकारी होते. लोकप्रतिनिधींच्या सभेत प्रश्न होते पण कार्यक्षेत्र तोकडे होते. अधिकाऱ्यांच्या सभेत कार्यक्षेत्र पूर्ण होते पण प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच साखळीतले होते. आकड्यांवर याचा परिणाम व्हायचा तो झाला. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या बालमृत्यू मूल्यमापन समितीने २००४ च्या सुमारास दाखवून दिले, की राज्यातील बालमृत्यूंचा मोठा भाग सरकारी नोंदींत येतच नाही. नोंद करणारा कर्मचारी ज्या वरिष्ठाला जबाबदार असतो, तो वरिष्ठ वाढलेल्या आकड्यावरून त्यालाच जाब विचारणार असेल, तर आकडा कमी राहतो. यात कपटापेक्षा साधे शहाणपण अधिक असते. बालमृत्यू अन्वेषण, म्हणजे प्रत्येक मृत्यूच्या कारणाचा घरापर्यंत जाऊन माग काढणे, ही पद्धत पुढे रूढ झाली, तरी तिचाही पाया त्याच नोंदवहीवर होता.

जिल्ह्याच्या वर बसून पाहणाऱ्या यंत्रणांपैकी दोन येथे नमूद करणे पुरेसे आहे. १९३० च्या मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्यापासून चालत आलेले लेखापरीक्षण खर्चाचे प्रमाणक तपासते. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची मिळून बनलेली पंचायती राज समिती त्या लेखापरीक्षेचे आक्षेप आणि जिल्हा परिषदेचे वार्षिक प्रशासन अहवाल हाती घेऊन साक्षी नोंदविते आणि दौरेही करते. ‘पीआरसी येणार’, म्हणजे ही समिती येणार, ही वार्ता जिल्हा परिषदेत जी धावपळ उडविते ती प्रसिद्ध आहे: शाळांना रंग लागतो, दप्तर अद्ययावत होते, रजा रद्द होतात. मात्र समितीच्या हातातील आक्षेप बहुधा काही वर्षांपूर्वीचे असतात, आणि ज्या अधिकाऱ्याच्या काळात चूक घडली तो केव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून एक वेगळी वाट निघाली. २००७ पासून महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली आणि त्या पाचांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा होता. गावातील समितीने उपकेंद्राच्या सेवेविषयी ठरावीक प्रश्नांची उत्तरे लोकांकडूनच गोळा करायची, चांगल्या सेवेला हिरवा, मध्यमला पिवळा आणि वाईटला लाल रंग देऊन तक्ता भरायचा, आणि तो जनसुनवाईत, म्हणजे अधिकाऱ्यांच्या उपस्थितीतील जाहीर सभेत, मांडायचा, अशी ही पद्धत होती. अक्षर न येणाऱ्या बाईलाही लाल रंग वाचता येतो. अनुपालन अहवालाच्या भाषेला शोधून काढलेले हे बहुधा एकमेव परिणामकारक उत्तर असावे. परंतु ते आरोग्य खात्यापुरते होते आणि निधीच्या मुदतीवर तगून होते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. मुख्यालय जव्हारला व्हावे ही मागणी जुनी होती आणि तिच्यामागे वावर-वांगणीची स्मृती होती; मुख्यालय पालघरला, म्हणजे रेल्वेच्या पट्टीवर, गेले. मुख्यालयाचे अंतर घटले, पण जाब विचारायला घाट उतरण्याची सक्ती टळली नाही. २०१६ च्या पावसाळ्यात मोखाडा तालुक्यातील बालमृत्यूंनी पुन्हा राज्य हलले, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने सरकारला नोटीस दिली, पुन्हा मंत्र्यांचे दौरे आणि आढावा बैठका झाल्या. दरम्यानच्या काळात अमृत आहारासारखी गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देणारी योजना आलेली होती, हा फरक खरा. तरी मृत्यू आधी आणि समिती नंतर हा क्रम तसाच राहिला.

पाण्याच्या बाबतीत तर तपासणीचे हात आणखी आखूड पडतात. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे मुंबई महानगरपालिकेने बांधलेले मध्य वैतरणा धरण मुंबईला पाणी देते, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांसाठी उन्हाळ्यात टंचाई आराखडा करून टँकर लावावे लागतात. पंचायत समितीच्या टंचाई आढावा बैठकीत टँकरच्या फेऱ्या, विहिरींची खोली, विंधन विहिरींची दुरुस्ती यांवर प्रश्न विचारले जाऊ शकतात. धरणाविषयी विचारता येत नाही, कारण त्याचा मालक या सभागृहाला उत्तर देणे लागत नाही.

या सगळ्याच्या तळाशी ग्रामसभा आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे पंचायतींच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणाऱ्या केंद्रीय कायद्याने, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा भरविण्याची मुभा दिली. पंचायतीने खर्च केलेल्या निधीचे विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ज्यासाठी दिला त्यासाठीच खर्च झाला याचा दाखला, ग्रामसभेकडून घेणे या कायद्याने बंधनकारक केले. आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के रकमेचा अबंध निधी, म्हणजे कशावर खर्च करायचा हे गावाने ठरवायचा निधी, थेट मिळू लागल्यावर या दाखल्याला अर्थ आला. जिल्हा परिषदेत प्रशासक असला, जसे २०२२ पासून राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांत घडले आणि समित्यांचे अधिकार अधिकाऱ्याकडेच गेले, तरी ग्रामसभेची मुदत संपत नाही. अडचण कॅलेंडरची आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या रूढ तारखा. भात आणि नागली घरात आली की दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील असंख्य कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. याला तिकडे ‘जगायला जाणे’ असेच म्हणतात. जानेवारीत पाड्यावर म्हातारी माणसे उरतात, मे महिन्यात भट्टी पुरती विझलेली नसते, ऑगस्टच्या मध्याला आवणीची उरलीसुरली कामे आणि भरलेले ओहोळ असतात. राहिला २ ऑक्टोबर, जेव्हा हळवे भात कापणीला येऊ लागलेले असते आणि माणसे अजून घरी असतात. त्या दिवशीच्या इतिवृत्तावर ग्रामपंचायत अधिकारी जे लिहील आणि पाडा जे वाचवून घेईल, तेच पुढे वर्षभर पंचायत समितीच्या टेबलावर अनुपालनासाठी जाते.